आखाजी, वॉर्ड आणि ‘श्वास’

आखाजीच्या दिवशी आईला हॉस्पिटलातून बाहेर फिरायला न्यायचं, हे मी दोन दिवस आधीच ठरवून टाकलं होतं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते. ड्रेनची नळी अजून अंगात होती आणि तिची पिशवी कापडी झोळीत घालून, झोळी खांद्याला अडकवून आई वॉर्डात फेऱ्या मारायची. हॉस्पिटल मुंबईतलं, आम्ही धुळ्याकडचे. आईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. डॉक्टरांची परवानगी काढायची, टॅक्सी करायची, तासभर तिला समुद्रासमोर बसवायचं आणि परत आणायचं, एवढा साधा बेत.

आईला सांगितलं तर म्हणाली, “नको रे भाऊ. माले आठेच बसू दे.”

मला राग आला. राग तिचा नव्हता, माझा बेत फुकट गेल्याचा होता. त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून विचार करत होतो, की हा बेत माझ्या डोक्यात आला तरी कुठून? उत्तर सापडायला फार वेळ लागला नाही. शाळेत असताना आम्हाला सगळ्यांना रांगेत बसवून ‘श्वास’ दाखवला होता. तिथून आला होता.

मग त्याच बाकावर, मोबाइलवर, मी तो सिनेमा पुन्हा पाहिला. हा लेख त्या दुसऱ्यांदा पाहण्याबद्दल आहे.

‘श्वास’ २००४ साली आला. दिग्दर्शक संदीप सावंत. माधवी घारपुरे यांच्या कथेवर तो बेतलेला आहे. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’नंतर पन्नासेक वर्षांनी मराठी सिनेमाला मिळालेलं ते दुसरं सुवर्णकमळ. त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवलेला सिनेमाही तोच. सिनेमा वीस वर्षांहून जुना आहे, तेव्हा शेवट सांगितला म्हणून रागावू नका.

गोष्ट थोडक्यात अशी. कोकणातल्या खेड्यातले आजोबा (अरुण नलावडे) आपल्या लहान नातवाला, परश्याला (अश्विन चितळे), डोळे दाखवायला पुण्याला घेऊन येतात. निदान होतं दृष्टिपटलाच्या कॅन्सरचं. जीव वाचवायचा तर ऑपरेशन करावं लागेल आणि ऑपरेशननंतर पोराला कायमचं दिसणार नाही. डॉक्टर साने (संदीप कुलकर्णी) यांचं म्हणणं, पोराला हे आधी सांगायला हवं. सांगायचं कुणी आणि कसं? वैद्यकीय समाजसेविका आसावरी (अमृता सुभाष) या दोघांच्या मध्ये उभी आहे. ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि आजोबा कुणालाही न सांगता नातवाला घेऊन हॉस्पिटलातून निघून जातात. मागे शोधाशोध, गोंधळ. आजोबा परत येतात तेव्हा कळतं, की ते पळून गेले नव्हते. डोळे जाण्याआधी पोराला जग दाखवायला घेऊन गेले होते.

शाळेत पाहताना आम्ही सगळे तिथे रडलो होतो. त्या वयात मी त्यातून एक धडा घेतला: आजारी माणसावर प्रेम असेल तर त्याला हॉस्पिटलातून बाहेर काढायचं. हॉस्पिटल म्हणजे तुरुंग आणि बाहेर म्हणजे जगणं. सुट्टी म्हणजे बाहेर.

आईनं हा धडा एका वाक्यात मोडून काढला. का, ते समजायला आखाजी काय असते ते सांगावं लागेल. खान्देशाबाहेरच्या वाचकांना ती नुसती अक्षय्य तृतीया वाटेल, सोनं घ्यायचा दिवस. आमच्याकडे आखाजी दिवाळीच्या तोडीची. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. गौराई बसते. कडुनिंबाला झोके बांधले जातात आणि बाया झोक्यावर गाणी म्हणतात. पितरांच्या नावानं घागर भरली जाते. पुरुष पत्ते कुटतात. शेतातल्या सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं साल तेव्हाच ठरतं, म्हणजे वर्षभर राबणाऱ्या माणसाचा मोकळा श्वास घ्यायचा दिवसही हाच. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची ‘आखजी’ नावाची कविता आहे. शेतात आणि घरात राबणाऱ्या त्या बाईनं या सणावर वेगळी कविता करावी, यात नवल काहीच नाही.

म्हणजे आमच्या बाईमाणसाच्या हिशेबात सुट्टीची व्याख्या ठरलेली आहे. सुट्टी म्हणजे कुठेतरी नवीन ठिकाणी जाणं नव्हे. सुट्टी म्हणजे जिथे आपण कुणाची तरी लेक असतो तिथे जाणं. तिथे आपल्याला कुणी पाणी आणून देतं आणि दोन दिवस आपण कुणाला उत्तर द्यायला बांधलेले नसतो. समुद्र या व्याख्येत कुठेच बसत नाही.

आखाजीला सकाळी मावशी आली. धुळ्याहून रात्रभर प्रवास करून. सोबत सांजोऱ्यांचा डबा, आईचं जुनं लुगडं आणि खोबरेल तेलाची बाटली. तिनं नर्सला विचारलं, काय चालेल, काय नाही. स्टीलच्या तांब्यात पाणी भरून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि म्हणाली, हीच घागर. मग आईच्या मागे बसून तिचे केस विंचरायला घेतले. किमो अजून सुरू व्हायची होती, केस होते. दोघी दुपारभर बोलत होत्या, आजाराबद्दल एक अक्षर नाही. कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, विहीर कुणी बुजवली, असलं. दुपारी मी पुन्हा एकदा समुद्राचा विषय काढला तर आई म्हणाली, “बहीन उनी, मन्ही आखाजी झाई.” बहीण आली, माझी आखाजी झाली.

बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुष थांबू शकत नाही. म्हणून मी बाहेर बाकावर आणि मावशी आत, कॉटच्या शेजारी चटईवर. ‘श्वास’ पुन्हा पाहिला तो असा, दाराच्या बाहेरून.

दुसऱ्यांदा पाहताना पहिली गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे मी सिनेमा चुकीचा वाचला होता. आजोबा परश्याला ‘बाहेर’ नेत नाहीत. ते त्याला जे जाणार आहे त्याच्याजवळ नेतात. पोराची दृष्टी जाणार आहे, म्हणून पाहणं. त्याचा हात, पाय किंवा आवाज जाणार असता तर त्या आजोबांनी दिवस वेगळा काढला असता. करमणूक, हवापालट, मन रमवणं असा तो बेतच नाही. एका गरीब, गोंधळलेल्या, मोठ्या शहरात हरवलेल्या म्हाताऱ्यानं नातवाच्या आजाराचं नेमकं निदान केलं आहे आणि ते डॉक्टरांच्या निदानाहून वेगळं आहे. डॉक्टर विचारतात, याच्या शरीरात काय आहे? आजोबा विचारतात, याच्याकडून काय जाणार आहे?

मी आईबद्दल हा प्रश्न विचारलाच नव्हता. विचारला असता तर समुद्र सुचला नसता. तिच्याकडून आखाजी जात होती आणि ती मावशीसोबत वॉर्डात आली. हॉस्पिटलच्या चार भिंतींत राहूनही मावशीनं त्या आजोबांसारखंच केलं. माझा बेत दिसायला आजोबांसारखा होता, पण आत काहीच नव्हतं.

दुसरी गोष्ट डॉक्टर सान्यांबद्दल. शाळेत ते मला खडूस वाटले होते. आता ते चिडतात ते बरोबर वाटलं. कॅन्सरचा पेशंट, लहान पोर, ऑपरेशन तोंडावर आणि दोघं गायब. कुठलाही जबाबदार डॉक्टर चिडेल. सिनेमाचं मोठेपण इथे आहे. तो डॉक्टरला खलनायक करून आजोबांना सोपा विजय देत नाही. दोघंही पोराच्याच बाजूचे आहेत आणि तरी त्यांचं जमत नाही. भावनेच्या भरात हॉस्पिटलाला शिव्या घालणारं लिखाण आपण बरंच वाचतो. ‘श्वास’ तसं काही करत नाही.

तिसरी गोष्ट मात्र तक्रारीची आहे. सिनेमाच्या शेवटी परश्या काळा चष्मा लावून होडीतून गावाकडे परततो. डोळे गेले आहेत, पोर जगलं आहे. दृश्य सुंदर आहे आणि त्यात रडवेपणा नाही. पण सिनेमा तिथे संपतो. मी बाकावर बसून विचार करत होतो: आणि मग? दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं? पोरानं अंगणातून विहिरीपर्यंत वाट कशी शोधली? गावातला पहिला सण आला तेव्हा त्याला कंदील कुणी हातात धरून दाखवला? आजोबा रात्री झोपले का?

हा दोष एकट्या ‘श्वास’चा नाही. आपल्या कॅन्सरच्या गोष्टींना दोनच दिवस ठाऊक आहेत: कळलं तो दिवस आणि संपलं तो दिवस. संपणं म्हणजे मरण किंवा ऑपरेशन यशस्वी. मधले दिवस गोष्टीत येत नाहीत, कारण त्यांत काही घडत नाही. नळी काढायची तारीख पुढे जाते. रिपोर्ट सोमवारी मिळणार असतो, तो बुधवारी मिळतो. बरं होणं ही फार कंटाळवाणी गोष्ट आहे आणि कंटाळा पडद्यावर आणणं अवघड.

हृषीकेश मुखर्जींचा ‘आनंद’ (१९७१) घ्या. आपल्या घराघरात कॅन्सर म्हटलं की अजून तोच आठवतो. त्यात रमेश देव आहेत, सीमा आहेत, मेट्रनच्या भूमिकेत ललिता पवार आहेत, म्हणजे मराठी घराला तो आपलाच वाटतो. राजेश खन्नाचा आनंद हसतो, हसवतो, ओळख नसलेल्यांना मित्र करतो, डॉक्टर मित्राचं लग्न जुळवायला निघतो. सगळे म्हणतात, आजारी माणसानं कसं जगावं हे आनंदकडून शिकावं. पण जरा उलट बाजूनं पाहा. त्या सिनेमात आजारी माणूस बाकी सगळ्यांची काळजी घेतो. भास्करचं दुःख सावरायचं काम मरणाऱ्या आनंदकडे आहे. आनंदला सुट्टी कुठे आहे? वाईट मूड असण्याची, गप्प राहण्याची, भिंतीकडे तोंड करून झोपण्याची सुट्टी? त्याला रक्ताचं माणूस कुणी नाही. जो आनंदी नसेल त्याच्याजवळ कोण थांबणार, या भीतीनं तो हसतो की काय, असं मला आता वाटतं. माझ्या आईला वॉर्डात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “हसत राहायचं बरं का!” ती हसायची. ते गेले की दमून पडायची.

मावशी आली त्या दिवशी आई फार हसली नाही. तिला हसावं लागलं नाही. मला वाटतं, तिच्या सुट्टीचा अर्थ तोच होता.

मित्रांनी आजारी माणसाला दिलेली अशीच एक वेगळी सुट्टी पाहायची असेल, तर धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानं तासाभरावर असलेल्या मालेगावला चला. जिल्हा नाशिक, पण आम्हाला ते शेजारघर. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारची सुट्टी आणि सुट्टीचा सिनेमा. या गावात शेख नासिर आणि त्याच्या मित्रांनी स्वतःचे सिनेमे काढले. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट त्यांच्याबद्दल आहे आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ साली थिएटरात आला. मालेगावचा सुपरमॅन झालेला शफीक मागावर काम करणारा, अंगानं काडी. गावातली घाण आणि गुटखा-तंबाखू यांच्याशी लढणारा हा सुपरमॅन. पुढे खरा शफीक कॅन्सरनं गेला.

कागतींच्या सिनेमात पांगलेले मित्र शफीकच्या आजारपणामुळे एकत्र येतात आणि आयुष्यभर पडद्यामागे राहिलेल्या या मित्राला हीरो करायचं ठरवतात. हे दृश्यांत फार गोड होण्याचा धोका होता. काही ठिकाणी होतंही. संगीत जरा जास्तच आपल्याला सांगतं की आता गहिवरा. पण त्यातली मूळ गोष्ट खरी आहे. मित्र शफीकला आराम देत नाहीत, काम देतात. तो त्यांच्यात पेशंट म्हणून परत येत नाही, नट म्हणून येतो. यंत्रमागावरच्या माणसाला शुक्रवार का लागतो, तर त्या एका दिवशी तो मागाचा नसतो. आजारी माणसालाही असा शुक्रवार लागतो, ज्या दिवशी तो आजाराचा नसतो. इथेही तोच प्रश्न विचारला गेला आहे, जो परश्याच्या आजोबांनी विचारला: याच्याकडून काय चाललं आहे? शफीकची पडद्यावर दिसण्याची इच्छा चालली होती.

म्हणून मला आता या सगळ्या गोष्टी मापायला एकच माप पुरतं. लेखकानं, दिग्दर्शकानं आजारी माणसाला काय हवं हे त्याच्याकडे पाहून ठरवलं आहे, की आपल्याला काय दाखवायला आवडेल यावरून? पहिल्या प्रकारची गोष्ट हॉस्पिटलात घडो की समुद्रावर, ती टिकते. दुसऱ्या प्रकारची गोष्ट फक्त आपल्याला रडवते आणि आपण बरे आहोत याचं समाधान देते. माझा टॅक्सीचा बेत दुसऱ्या प्रकारचा होता. त्या समुद्राच्या चित्रात आईच्या शेजारी मी स्वतःलाही पाहत होतो, हे कबूल केलं पाहिजे.

आपल्या भाषेचाही यात वाटा आहे. बातम्यांत अजून ‘दुर्धर आजार’ असं लिहितात, नाव घेत नाहीत. माणूस गेला की ‘झुंज अपयशी’ ठरते. सुझन सोन्टॅग यांनी १९७८ सालच्या ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात आजाराभोवतीच्या अशा रूपकांवर, त्यांतल्या लढाईच्या भाषेवरही, बोट ठेवलं. त्या स्वतः स्तनाच्या कॅन्सरमधून गेल्या होत्या, पण पुस्तकात स्वतःबद्दल काही लिहिलं नाही. मुद्दा साधा आहे: लढाई म्हटली की जिंकणं आणि हरणं एवढंच उरतं. लढाईच्या भाषेत सणाला जागा नाही. केस विंचरायला जागा नाही. चटईवर झोपणाऱ्या बाईला तर नाहीच, कारण ती लढत नाही, ती बसलेली असते.

आणि बसलेली माणसं किती आहेत! परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तेव्हापासून राज्याच्या कानाकोपऱ्यातून आणि राज्याबाहेरूनही माणसं तिथे येत आली आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. जळगावची, धुळ्याची, नंदुरबारची माणसं उपचारासाठी मुंबईला, नाशिकला महिनोन्महिने जाऊन राहतात. तिथे दिवाळी येते, ईद येते, कानबाई येते, आखाजी येते. त्या सणांचं साहित्य आपल्याकडे जवळपास नाही. कथा आहेत त्या निदानाच्या आणि मरणाच्या.

एक जुना अपवाद मात्र आहे आणि तो खान्देशशी जोडलेला आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. आपण ते आईच्या संस्कारांचं पुस्तक म्हणून वाचतो. शेवटची प्रकरणं पुन्हा वाचा. आईच्या शेवटच्या आजारात श्याम जवळ नाही, तो लांब शिकायला आहे. उशाशी बसलेली आहे ती सखूमावशी, आईची बहीण. औषध, पाणी, अंथरूण, सगळं ती पाहते. सगळ्या महाराष्ट्राला श्याम आठवतो, आई आठवते. सखूमावशी किती जणांना आठवते? गुरुजींनी तिला विसरू दिलेलं नाही, आपण विसरलो. दोन सुवर्णकमळांपैकी एका गोष्टीत मुलगा पोचत नाही आणि मावशी बसते, दुसऱ्या गोष्टीत आजोबा बसतात. या दोन गोष्टी आपल्याला इतक्या आतून लागतात, त्याचं एक कारण हे बसणं असावं.

‘श्वास’ संपला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. सकाळी आत गेलो तर फिजिओथेरपीच्या ताई आल्या होत्या. काखेतल्या गाठी काढल्यावर हात वर जात नाही, खांदा धरतो. त्यासाठी भिंतीशी उभं राहून बोटं एक-एक करून वर चढवायची असतात आणि जिथे पोचतील तिथे खूण करायची. आईची कालची खूण खांद्याच्या बरोबरीला होती. आज ती एक बोट वर गेली.

मावशी मागून म्हणाली, “झोक्याचा दोर धरता येईल इतकं वर गेलं पाहिजे.”

ताईंना कळलं नाही. त्यांनी विचारलं, कसला दोर? दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या आणि आईनं पुन्हा पहिल्यापासून बोटं चढवायला घेतली.